पाटोळे सिस्टरांची अमेरिका

"बर्फावरून चालताना पायाखाली कसा आवाज येतो, हे ज्यात लिहिलंय असं एखादं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

१९८९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. पनवेलच्या वाचनालयात मी सहाय्यक ग्रंथपाल होतो. सहाय्यक म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, सुटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावणं आणि शिपाई आला नाही तर झाडू मारणं. आमच्याकडे येणाऱ्या बायका कादंबऱ्या मागायच्या, नाहीतर दिवाळी अंक. असला प्रश्न मला नवीन होता, म्हणून मी मान वर करून पाहिलं. निळ्या काठाची पांढरी साडी, मागे घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी आणि पायात नर्सचे पांढरे बूट. या बाईंना न ओळखणारं घर पनवेलमध्ये सापडलं नसतं. दवाखान्याच्या प्रसूती विभागात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नाव रिबका पाटोळे. पण रिबका म्हणणारं माणूस गावात कुणी नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी पाटोळे सिस्टर.

"कुठला बर्फ? हिमालयातला?" मी विचारलं.

"नाही. अमेरिकेतला. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा."

तसं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या मान हलवून उभ्याच राहिल्या. मग टेबलावर थोडं वाकून, एखादा पेशंट दुखणं सांगतो तशा आवाजात म्हणाल्या, "मी एक कादंबरी लिहितेय."

पुढची दहा वर्षं मी त्या कादंबरीचा जवळजवळ एकटा साक्षीदार होतो. दुसरी साक्षीदार भामा. तिच्याबद्दल पुढे येईलच.

सिस्टर मूळच्या नेवाशाकडच्या. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. नर्सिंगचं शिक्षण नगरच्या मिशन दवाखान्यात झालं. तिथे मिस व्हीलॉक नावाच्या अमेरिकन डॉक्टर होत्या. संध्याकाळी कामं आटोपली की त्या शिकाऊ मुलींना जवळ बसवून आपल्या घराण्याच्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या खापरपणजीची खापरपणजी म्हणे एका नदीकाठच्या वसाहतीत सुईण होती. तिथून पुढे नुसतं रान. वसाहतीत तीसेक घरं, सभोवती लाकडी कुंपण, मधोमध प्रार्थनेचं घर. घंटा विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून रविवारी ढोल वाजवून लोकांना बोलवायचे. तो ढोल सिस्टरांच्या कानात राहिला तो राहिलाच.

सव्विसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा शमुवेल मिशनच्या दवाखान्यात गाडी चालवायचा. दोन वर्षांत काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. सिस्टरांनी सरकारी नोकरी धरली आणि १९५९ साली बदलीवर पनवेलला आल्या. गाव तेव्हा लहान होतं. एवढ्या वर्षांत किती बाळंतपणं केली याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता. रस्त्यात कुणी तरी पाया पडायचं, "सिस्टर, हा तुमच्या हातचा," म्हणून मिशीवाला मुलगा पुढे करायचं. त्या हसायच्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या. पण नोकरी संपली, आणि मग त्यांच्या घरी जायचं कारणच कुणाला उरलं नाही. नवीन पनवेलच्या एका सेक्टरात तळमजल्यावर त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. शेजारी मुंबईहून नव्याने आलेली नोकरदार माणसं. सकाळी सहाला कुलूप, रात्री आठला उघडणार. तिथे त्या पाटोळे सिस्टरही नव्हत्या, नुसत्या तळमजल्यावरच्या बाई होत्या.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला वह्या दाखवल्या. दवाखान्यात वापरतात तसल्या लांबोडक्या रजिस्टरांमध्ये, ठसठशीत अक्षरात, खाडाखोड न करता लिहिलेलं. नायिकेचं नाव मर्सी.

"मर्सी म्हणजे दया," त्या म्हणाल्या. "त्या लोकांत अशीच नावं असायची. आमच्याकडे नाही का कृपा, करुणा, शांतवन? मला ती माणसं परकी वाटलीच नाहीत."

मर्सीचा नवरा नदीत बुडून गेलेला. ती वसाहतीची सुईण. घोड्यावरून, होडीतून, पायी बाळंतपणं करत फिरते. वसाहतीला सिस्टरांनी स्टोनफर्ड असं नाव दिलं होतं. मी तीन प्रकरणं तिथेच बसून वाचली. बाळंतपणाचं वर्णन आलं की अक्षर धावायचं. आडवं आलेलं मूल मर्सी हाताने कसं फिरवते ते मी दोनदा वाचलं. पण बाहेरच्या गोष्टी आल्या की लिहिणारा हात अडखळे. 'बर्फ पडत होता' असं एक वाक्य, आणि त्याच्यापुढे अर्धं पान कोरं.

"एवढी जागा सोडून ठेवलीय," सिस्टर म्हणाल्या. "बर्फ कळला की भरेन."

उरण नाक्याच्या बाजूला तेव्हा मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाचा एक कारखाना होता. मालक गुरुदत्त माझ्या ओळखीचा. मी त्याला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "पाटोळे सिस्टर? अरे, माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच हातच्या. घेऊन ये."

एका रविवारी दुपारी आम्ही गेलो. गुरुदत्तने गड्यांना सांगून फोडलेल्या बर्फाचा जाड थर फरशीवर पसरून घेतला होता. आतल्या खोलीत धूर उठावा तशी वाफ होती आणि अमोनियाचा उग्र वास. सिस्टरांनी बूट काढले, मोजे काढले, साडी घोट्याच्या वर खोचली आणि अनवाणी त्या थरावरून चालायला लागल्या. भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या. गडी तोंडावर हात धरून हसत होते. सिस्टरांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या फेरीला त्या थांबल्या, डोळे मिटले, एक पाऊल उचलून पुन्हा टेकवलं.

"सिस्टर, पुरे करा. पाय सुजतील," गुरुदत्त म्हणाला.

"सुजू देत. आधी टाचेतून कळ जाते, मग बोटं आपली नाहीतच असं वाटतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "विनायकराव, आवाज ऐकलात? कोरडी भाकरी चावल्यासारखा येतो."

परतताना रिक्षात त्यांनी एका कागदावर सगळं टिपून घेतलं. खरा बर्फ असा नसणार, तो भुसभुशीत असणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही असावं. पण दुसऱ्या आठवड्यात ते अर्धं पान भरलेलं होतं, आणि ते वाचताना मला हुडहुडी भरली.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, नगरवर का नाही लिहीत? नाहीतर इथल्या दवाखान्यावर?"

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "रविवारी मी इथल्या चर्चमध्ये जाते. उपासना मल्याळममध्ये, कधी इंग्रजीत. माणसं चांगली आहेत. पण गाणं सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते. मराठी उपासनेला जायचं तर एस.टी. पकडून मुंबई. आता दर आठवड्याला होत नाही ते." त्यांनी वहीवर हात ठेवला. "इथे तीस घरं आहेत. रविवारी ढोल वाजला की सगळी जमतात आणि मराठीत प्रार्थना करतात. मी मागच्या बाकावर जाऊन बसते."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. 

भामा ही शेजारच्याच गावातली आगरी बाई. पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली. डोक्यावर पाटी घेऊन सेक्टरात भाजी विकायची, कधी सुकट, कधी खाडीची कोलंबी. तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरांनी केली होती. त्यातलं पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. तेव्हा सिस्टर ड्युटी संपल्यावरही रात्रभर तिच्याजवळ बसून राहिल्या होत्या, एवढंच त्या दोघींमधलं नातं. पण भामा रोज शेवटी त्यांच्याकडे यायची, पाटी दाराशी उतरवायची, पाय पसरून बसायची आणि चहा प्यायची. तिला वाचता येत नव्हतं. सिस्टर तिला कादंबरी वाचून दाखवायला लागल्या. भामा अगदी मन लावून ऐकायची, मध्येच मर्सीला शिव्या घालायची. "एवढ्या थंडीत कशाला निघली ही? त्यांच्यात दुसरी सुईन नाय काय?"

१९९१ च्या सुरुवातीला कादंबरी पुरी झाली. सिस्टरांनी ती पुण्याच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाकडे पाठवली. संपादकांचं उत्तर महिन्याभरात आलं. कादंबरी भक्तिभावाने ओथंबलेली आहे, नाताळच्या अंकापासून क्रमशः छापू. ते पत्र घेऊन सिस्टर वाचनालयात आल्या. साठीची बाई, पण चेहरा दहावी पास झालेल्या मुलीचा. मी पेढे आणवले. त्यांनी एकच खाल्ला आणि उरलेले भामासाठी बांधून घेतले.

छापण्याआधी एकदा सगळी कादंबरी भामाला सलग वाचून दाखवावी, असं त्यांच्या मनात आलं. मेमधल्या एका दुपारी मीही तिथे होतो. शेवटून तिसरं प्रकरण चाललं होतं. पहाटे रानटी लोक कुंपण ओलांडून स्टोनफर्डवर चालून येतात, घरं पेटवतात, माणसांना धरून नेतात. मर्सी एका ओल्या बाळंतिणीला घेऊन तळघरात लपते आणि प्रार्थना करते, की प्रभो, ही भूमी तूच आम्हाला दिलीस, तूच राख. सिस्टर वाचता वाचता गहिवरल्या होत्या.

भामाने कप खाली ठेवला. "शिष्टर, ती रानटी लोका आली कुठना?"

"रानातून. तिथेच राहायचे ते."

"म्हंजे पयल्यापासना?"

"हो. पहिल्यापासून."

"मंग ती जमीन त्यांचीच नाय काय?"

भामाच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरोखरच विचारत होती. तिने तळव्याने फरशी थोपटली.

"हितं आमचा भाताचा खाचर व्हता. तुमच्या या खोलीच्या खाली. माज्या सासऱ्यानी कागदाव आंगठा दिला, त्याला वाटला पावती हाय. मंग मोटारी आल्या, माती टाकली. आमी काय घरा पेटवली नाय. पन माजा सासरा रोज सकाली येवन हितं कडेला बसाचा. मरस्तवर." ती उठली, पाटी उचलली. "तुमची मर्शी चांगली हाय. पन ती लोका मंग गेली कुठं, ता तुमी लिवलाच नाय."

ती गेली. पंखा फिरत होता, वहीची पानं उडत होती. सिस्टरांनी ती दाबून धरली नाहीत.

"विनायकराव," त्या म्हणाल्या, "मी या खोलीत तीन वर्षं बसून लिहिलं. इथे आधी काय होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही काही जमीन घेतली नाहीत, सिस्टर. तुम्हाला खोली मिळाली."

"मर्सीलाही घर मिळालंच होतं."

पुढच्याच आठवड्यात त्या मुंबईला गेल्या. चर्चगेटजवळ अमेरिकन लोकांचं एक ग्रंथालय होतं, तिथे बसून वाचता यायचं. एस.टी.ने सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. असे सात-आठ महिने. इंग्रजी त्यांचं दवाखान्यापुरतं. शब्दकोश उघडून एकेक पान लावायच्या. परत आल्या की वाचनालयात डोकावून काय सापडलं ते सांगायच्या. त्या नदीकाठच्या मळ्यांत वसाहतीच्या आधीपासून मका होता. मूळचे लोक मक्याची कणसं जमिनीत खड्डे करून, आत गवत अंथरून साठवायचे, आणि नव्याने आलेल्या गोऱ्यांना पहिल्या हिवाळ्यात ती आयतीच सापडली होती. जमिनीच्या कागदांवर त्यांनी सही म्हणून कुठे कासव काढलेलं, कुठे धनुष्य. कागदात काय लिहिलंय ते त्यांना किती कळलं होतं, हे त्या पुस्तकातही कुणी खात्रीने सांगत नव्हतं.

"कासव!" त्या म्हणाल्या. "आणि आमच्याकडे अंगठा."

त्यांनी कादंबरी नव्याने लिहायला घेतली. साप्ताहिकाला कळवलं की थांबा. नाताळचा अंक कादंबरीविना निघाला. नवीन लिखाणात मर्सी तीच होती, प्रार्थनेचं घर तेच, ढोल तोच. पण आता तिच्या घराच्या चुलीखाली जमीन खचते आणि मक्याचा जुना खड्डा निघतो. नदीपलीकडून एक म्हातारी येते, ती त्या लोकांची सुईण. एका अडलेल्या बाळंतपणात दोघी एकमेकींची भाषा येत नसताना शेजारी बसून काम करतात. नंतर म्हातारी त्या खड्ड्याशी येऊन उभी राहते आणि काहीही न बोलता निघून जाते. हल्ला होतो तो पुढे, आणि त्यानंतर मर्सीची प्रार्थना बदलते. ती भूमी राख म्हणत नाही. काय म्हणावं तेच तिला सुचत नाही, आणि ती तशीच गुडघ्यांवर बसून राहते.

हे प्रकरण लिहायला सिस्टरांना चार महिने लागले. त्यांच्यासारख्या रोज न चुकता प्रार्थना करणाऱ्या बाईला ते किती जड गेलं असेल, याची मला तेव्हा कल्पना आली नाही. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "ती गप्प बसलीय, तर मलाही हल्ली बोलता येत नाही."

१९९३ च्या उन्हाळ्यात त्यांनी नवीन प्रत पुण्याला पाठवली. उत्तर यायला पाच महिने लागले. संपादक सभ्य होते. त्यांनी लिहिलं होतं, भगिनी, आमचा वाचक दमून-भागून विश्वासाला बळकटी मिळावी म्हणून वाचतो. आपल्या नव्या प्रकरणांनी त्याच्या मनात गोंधळ होईल. जुनी प्रत आजही छापायला आम्ही तयार आहोत.

"मग द्या की जुनी," मी म्हणालो. मला मनापासून वाटत होतं की एवढ्या कष्टांचं काहीतरी छापून यावं. "नवीन नंतर कुठे तरी देता येईल."

"भामाच्या समोर मला ती वाचता यायची नाही."

"भामा कुठे साप्ताहिक वाचतेय, सिस्टर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, पण मी परत तसं काही बोललो नाही. त्यांनी पोस्टकार्ड मागितलं आणि माझ्याच टेबलावर बसून दोन ओळींत नकार लिहून टाकला.

आणखी दोन प्रकाशकांना मी स्वतः पत्रं पाठवली. एकाने विचारलं, की ही अनुवादित आहे का? दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. अमेरिकेतल्या वसाहतीची, ख्रिस्ती प्रार्थनांनी भरलेली, पनवेलच्या एका निवृत्त नर्सने लिहिलेली कादंबरी. ती कुणाच्याच कपाटात बसत नव्हती. ख्रिस्ती माणसांना तीत शंका जास्त वाटली, बाकीच्यांना देव जास्त वाटला. शेवटी १९९४ साली मी आमच्या अध्यक्षांची परवानगी काढली, हस्तलिखित बांधून घेतलं आणि वाचनालयाच्या कपाटात ठेवलं. माझ्या माहितीत ते सोळा जणांनी नेलं. त्यांतल्या चौघांनी पुरं वाचलं असावं. कळंबोलीच्या पोलाद बाजारात नोकरी करणारे एक गृहस्थ परत करताना म्हणाले, "ती म्हातारी परत का नाही आणली हो बाईंनी? मी वाट बघत होतो." मी हे सिस्टरांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

कादंबरी संपल्याचं खरं दुखणं मात्र पुढे सुरू झालं. सिस्टर रोज दुपारी वाचनालयात यायच्या, वर्तमानपत्र उघडायच्या आणि त्याच पानावर तासभर बसायच्या. एकदा मी विचारलं, नवीन काही सुरू केलंत का?

"नाही. तीस घरं गेली माझी," त्या म्हणाल्या. "लिहीत होते तोवर जाता येत होतं. आता वही उघडली की नुसतं अक्षर दिसतं."

त्याच सुमारास भामाचं येणंही थांबलं. तिच्या मुलाला, आनंदाला, सरकारने शहरासाठी घेतलेल्या शेतीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेतला प्लॉट मिळाला. त्याने तो एका बिल्डरला दिला आणि गावात दोन मजली घर बांधलं. आईने आता डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरावं हे त्याला लाजिरवाणं वाटायला लागलं. सिस्टर दोनदा तिला भेटायला गेल्या. एकदा मी सोबत होतो. चकचकीत फरशीच्या हॉलमध्ये भामा सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली होती, समोर टीव्ही मोठ्याने चालू. सून चांगली होती, तिने सरबत दिलं. सिस्टरांनी सुधारलेल्या प्रकरणाची, तिला अजून न ऐकवलेली, कच्ची प्रत पिशवीतून काढली आणि त्या आवाजातच वाचायला लागल्या. भामाने तोंड पुढे करून, कानावर हात धरून ऐकलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता बरा लिवलाव." मग थोड्या वेळाने, "पन वाईट वाटला मना."

"मलाही," सिस्टर म्हणाल्या.

निघताना भामा फाटकापर्यंत आली. हात धरून म्हणाली, "तुमी येत जा. मना हितं बोलाला कोन नाय." पण तिथून घर लांब, रिक्षा मिळायची नाही, आणि सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. तिसरी खेप झाली नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सिस्टरांनी एक गोष्ट केली, जी त्यांना वीस वर्षांपूर्वी करता आली असती. त्यांनी चर्चच्या पाळकांकडे जाऊन विचारलं, रविवारी तुमची उपासना झाल्यावर अर्धा तास मला जागा द्याल का? मराठीत प्रार्थना घेईन. पाळक केरळचे, तरुण होते. लगेच हो म्हणाले. पहिल्या रविवारी कुणीच थांबलं नाही. रिकाम्या बाकांसमोर उभं राहून सिस्टरांनी एकटीने गाणं म्हटलं. पाळकांना मराठी फारसं येत नव्हतं, पण ते मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसून राहिले. हे मला पाळकांनीच पुढे सांगितलं. सिस्टर त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. वर्षभरात कळंबोलीहून एका हवालदाराचं कुटुंब यायला लागलं, मग एक शिक्षिका. कधी पाच माणसं, कधी तीन. त्याहून संख्या वाढली नाही.

१९९८ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं आणि दुसऱ्याने दिसेनासं झालं. नगरजवळ राहणारी भाची न्यायला आली. मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, बस्स. वह्या वाचनालयातच राहू देत, म्हणाल्या.

"तिकडे मराठी उपासना असेल ना, सिस्टर?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"असते. दर रविवारी. पण मला ओळखणारी सगळी माणसं गेली तिथली." भाचीने त्यांना खिडकीशी बसवलं. त्या जिकडे मी नव्हतो तिकडे बघून हात हलवत होत्या. मी पलीकडे जाऊन उभा राहिलो.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत भाचीचं पत्र आलं. मावशी झोपेतच गेल्या, असं लिहिलं होतं. पनवेलमध्ये कुणाला कळवावं, मला काही सुचेना. पाळकांची बदली झाली होती. दवाखान्यात त्यांच्या वेळचं कुणी उरलं नव्हतं. तासभर टेबलाशी बसून राहिलो, मग सायकल काढली आणि भामाच्या गावी गेलो.

ती ओट्यावर एकटीच बसली होती. मला तिने आधी ओळखलं नाही. वाचनालयातला, म्हटल्यावर ओळखलं. मी पत्रात होतं ते सांगितलं. तिने पदर तोंडाशी धरला.

"एकटीच व्हती काय?" तिने विचारलं.

"नाही. भाची होती जवळ."

"मरतानाचा नाय विचारत मी," भामा म्हणाली. "त्याच्या आदी."

आत सुनेला हाक मारून तिने चहा ठेवायला सांगितला आणि बसायला म्हणून स्वतःच्या बाजूची जागा हाताने झाडली. मी बसलो. समोर पूर्वी मिठागरं होती, तिथे भरावाचं काम चाललं होतं. चहा येईपर्यंत आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.